पाच जणांची गाडी

गाडी बघायला म्हणून घरातून निघाले तेव्हा ते पाच जण होते. एवढं आधीच नीट लक्षात ठेवा, म्हणजे पुढे माझ्यावर कुणी शंका घ्यायला नको. एक चष्मेवाला, म्हणजे भर चौकात चष्म्यांचं दुकान चालवणारा घरचा कर्ता. त्याची बायको, जी ऑर्डरचे केक करून घरोघर पोचवायची. त्याची आई, जिला सगळं घर आजीच म्हणायचं. आणि दोन मुली, थोरली आणि धाकटी. सुट्टीचा दिवस होता, लख्ख ऊन पडलं होतं, आणि कुणाच्या मनात काही वावगं नव्हतं.

आधीच्या गाडीने भर रस्त्यात मान टाकली होती. तीही केकच्या ऑर्डरसकट. तीन मजली केक उन्हात बसून बसून दोन मजली झाला, तेव्हा बायकोने निर्वाणीचं सांगितलं, "आता गाडी बघा, नाहीतर पुढचा केक तुमच्या डोक्यावरून जाईल." चष्मेवाल्याने मान डोलावली. नवी गाडी झेपणारी नव्हती, म्हणून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे दोन गाड्या बघून ठेवल्या होत्या. एक मोठी, सात जणांची. एक लहान, पाच जणांची. आज दोन्ही चालवून बघायच्या आणि एक ठरवून घरी न्यायची, एवढंच काम होतं.

पण 'ठरवून' म्हटलं की चष्मेवाल्याचं घोडं अडायचं. गंमत अशी, की त्याचा सगळा धंदाच लोकांना ठरवायला लावण्याचा होता. माणूस खुर्चीत बसला, की ह्याने त्याच्या डोळ्यापुढे एक भिंग धरायचं, मग दुसरं धरायचं आणि विचारायचं, "पहिलं बरं, की दुसरं?" गिऱ्हाईक गोंधळायचं. परत दाखवा म्हणायचं. काही जण घाबरून विचारायचे, "तिसरं नाही का एखादं?" त्यावर हा शांतपणे सांगायचा, "तिसरं नाही. ह्या दोनातलंच सांगायचं." आणि हाच माणूस स्वतःसाठी शर्ट घ्यायला गेला, की दुकानदाराला घाम फुटायचा.

आणखी एक गोष्ट होती, ती मात्र त्याने कुणाला बोलून दाखवली नव्हती. दुकान बंद करून तो घरी यायचा तेव्हा जेवणं उरकलेली असायची. त्याचं ताट झाकून ठेवलेलं असायचं. मुलींच्या शाळेत काय झालं, कोण कुणाशी भांडलं, हे सगळं त्याला शिळं होऊन कळायचं. कधी तो जेवता जेवता काही बोलायला लागायचा, आणि मधेच लक्षात यायचं की कुणी ऐकत नाहीये. बायको हसून म्हणायची, "अहो, तुम्ही घरात आहात हे आठवणीने लक्षात ठेवावं लागतं." तोही हसायचा. पण रात्री पडल्यावर ते वाक्य त्याला टोचायचं. आपण नसलो तरी ह्या घराचं काही अडणार नाही, अशी एक भीती त्याच्या पोटात कायमची बसली होती.

म्हणून त्याला मोजणी आवडायची.

मोजणीची गोष्ट अशी. थोरली लहान असताना एकदा हे सगळे लांबच्या प्रवासाला निघाले होते, आणि थोरलीला पेट्रोल पंपावरच विसरून पुढे गेले. आईला वाटलं आजीकडे आहे. आजीला वाटलं शाल पांघरून झोपलीय. शालीखाली वळकटी होती. धावतपळत परत आले, तर ही उलट्या बादलीवर बसून पंपवाल्याने दिलेली बिस्किटं खात होती. रडली नव्हती. फक्त म्हणाली, "तुम्ही मला मोजलंच नाही." त्या दिवशी आजीने कानाला खडा लावला आणि नियम घालून दिला. गाडीत बसून दारं लागली, की चालवणाऱ्याने 'एक' म्हणायचं. मग पुढच्या सीटवरच्याने 'दोन', मग मागे, सगळ्यात शेवटी धाकटी. पाठ केलेला आकडा म्हणायचा नाही, आधीच्याचा ऐकून त्याच्या पुढचा म्हणायचा. 'पाच' ऐकू आल्याशिवाय चावी फिरवायची नाही.

शेजारीपाजारी हसायचे. पण त्या घरात ही एकच जागा होती, जिथे चष्मेवाल्याचा आवाज पहिला लागायचा आणि तो ऐकल्याशिवाय काही पुढे सरकायचं नाही.

व्यापाऱ्याचं आवार गावाबाहेरच्या रुंद रस्त्याला लागून होतं. पत्र्याची शेड, तिच्याखाली ओळीने पुसून ठेवलेल्या गाड्या, आणि एका कोपऱ्यात काचेचं ऑफिस. व्यापारी मोठा बोलका माणूस. पट्ट्याला किल्ल्यांचा जुडगा, आणि प्रत्येक गाडीबद्दल अशी माया की विकतोय की मुलगी सासरी पाठवतोय कळू नये.

"ही मोठी. इंजिन बघा, घड्याळासारखं चालतं. डिकी एवढी, की वहिनींचे केक झोपून प्रवास करतील," तो म्हणाला. "आणि ही लहान. ॲव्हरेज चांगलं, कुठल्याही बोळात शिरेल, पार्किंगची चिंता नाही. दोन्ही जुन्या, पण खणखणीत. पत्रा बघा वाजवून."

चष्मेवाल्याने दोन्हींचा पत्रा वाजवला. टायर बघितले. दोन्हींच्या दारांना खिडकीच्या कडेला ती जुन्या पद्धतीची बटणं होती, वर ओढली की दार उघडणारी, खाली दाबली की लॉक. धाकटीला ती भारी आवडली. ती एकेक बटण वर-खाली करत सुटली.

"मोठी का विकली म्हणे आधीच्या मालकांनी?" बायकोने विचारलं.

व्यापारी हसला. "ऐका तर. घरात माणसं चार. गाडी सात जणांची. आणि म्हणतात काय, तर गाडी पुरत नाही!"

सगळे हसले. चष्मेवालाही हसला.

आधी मोठी. बायको चष्मेवाल्याशेजारी बसली, आजी मधल्या रांगेत, मुली हट्टाने अगदी मागे. दारं लागली. आत पाऊल टाकताच चष्मेवाल्याला एक वास आला होता, बंद खोलीत बरीच माणसं झोपून उठल्यावर येतो तसा, उबट. त्याने खिडकी थोडी खाली केली आणि आरसा नीट करता करता म्हणाला, "एक."

"दोन," बायको.

"तीन," आजी.

मग मागून चार, पाच आणि धाकटीचा चिरका आवाज, "सहा!"

त्याने चावी फिरवली. सवयीने फिरवली. कान मोजत असतात पण मन कुठे लक्ष देत असतं? आवाराबाहेर पडून, गिअर टाकून, गाडी रस्त्याला लागली, आणि मग तो आकडा त्याच्या डोक्यात परत वाजला.

"धाकटे, तू किती म्हणालीस?"

"सहा."

"सहा कशी गं? आपण पाच ना?"

"पाच आधीच झालं होतं," धाकटी म्हणाली. तिच्या मते तिने नियम बरोबर पाळला होता.

थोरली वैतागली. "मी चार म्हणाले. माझ्यानंतर बाबा परत पाच म्हणाले. मुद्दाम. चिडवायला."

"मी?"

"मग कोण? तुमचाच तर आवाज होता."

बायको हसायला लागली. "अहो, गाडी घ्यायला आलोय की पोरींची मस्करी करायला?" त्याने एकदाच आकडा म्हटला होता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि थोरली बसली होती पार मागे. तिच्यानंतर म्हणजे... तिथूनच कुठूनतरी.

त्याने आरशात बघितलं. मधल्या रांगेत तीन माणसांची जागा, आणि आजी एका टोकाला खिडकीला चिकटून बसली होती. गुडघे एका बाजूला वळवून, पदर आवरून, गर्दीत बसतात तशी.

"आई, ऐसपैस बस की."

"बसते रे. पण जागा कुठाय?" आजी म्हणाली, आणि मग स्वतःच शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत राहिली. थोड्या वेळाने तिने त्या सीटवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "ऊन येतंय वाटतं इकडून. गरम झालीय."

ऊन दुसऱ्या बाजूने येत होतं. त्या रिकाम्या सीटपलीकडची काच एका जागी, तोंडाच्या उंचीवर, आतून धुरकटली होती. ती धूसर जागा जरा लहान व्हायची आणि परत वाढायची. लहान व्हायची... आणि परत वाढायची. चष्मेवाल्याची नजर तिथून हलेना. मागून एका ट्रकने हॉर्न दिला तेव्हा तो भानावर आला. पुढचं वळण येताच त्याने गाडी माघारी फिरवली.

"एवढ्यात?" बायको म्हणाली. "मला तर आवडतेय हो. गुडघ्यांना तेवढी अडचण होते, पण डिकी बघा ना."

"लहान बघू या," तो म्हणाला. आवारात उतरला तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. लहान गाडी समोर उभी होती, छोटी, साधी, सगळे कोपरे एका नजरेत दिसणारी. हिच्यात लपायला जागाच नाही, असं त्याच्या मनात आलं. निवड झाल्यातच जमा होती.

लहान गाडीत मागे तिघी बसल्या. आजी म्हणाली, "अगं बाई, बाहेरून दिसत नाही, पण किती मोकळी आहे!" मुलींनी पाय पसरले. बायकोनेही पर्स मांडीवरून काढून बाजूला ठेवली. आत कसलाच वास नव्हता. दारं लागली तशी बाहेरच्या रस्त्याचा आवाज एकदम तुटला, उशी कानावर दाबावी तसा.

चष्मेवाल्याने ठरवलं होतं, की ह्या वेळी डोळ्यात तेल घालून मोजायचं. तो मोठ्याने, स्पष्ट म्हणाला, "एक."

कुणी काही बोललं नाही. बायको त्याच्याकडे बघत होती. मागच्या तिघीही वाट बघत होत्या.

"एक," तो पुन्हा म्हणाला.

"बोला ना, बाबा," धाकटी म्हणाली.

"एक! एक म्हटलं की!"

थोरलीला खुदकन हसू फुटलं. "बाबा नुसतं तोंड हलवतायत! आई, बघ ना, आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखे!" बायकोलाही हसू आवरेना. "पुरे हो आता. म्हणजे मघाशी दोनदा आणि आता एकदाही नाही. बरं, मीच सुरू करते. एक."

"दोन," आजी.

"तीन."

"चार!" धाकटी म्हणाली. मग सगळ्याच क्षणभर थांबल्या, काहीतरी राहिलंय असं वाटून. आणि ते काय हे कुणालाच आठवलं नाही, अशा चेहऱ्याने आपापल्या खिडकीतून बाहेर बघायला लागल्या.

त्याने गाडी सुरू केली, कारण दुसरं काय करावं हे त्याला सुचेना. त्याचा स्वतःचा आवाज त्याला स्वच्छ ऐकू आला होता. रस्त्याला लागल्यावर तो बायकोला म्हणाला, "अगं, मी बोललेलं ऐकू येतंय ना तुला?" ती आजीशी बोलत होती. पडदे धुवायला टाकायचे होते, त्याबद्दल. त्याने तिच्या हाताला हात लावला. तिने मनगट चोळलं आणि खिडकीची काच वर केली. "गार वारं आलं एकदम," ती आजीला म्हणाली.

गाडी सुंदर चालत होती. हे सांगायलाच हवं. स्टिअरिंग हलकं, ब्रेक जागच्या जागी, एक धक्का नाही. त्याचे पाय लांब होते आणि आजवर प्रत्येक गाडीत त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागत आले होते. ह्या एवढ्याशा गाडीत ते कशालाच लागत नव्हते. मागे तिघी निवांत गप्पा मारत होत्या, हसत होत्या, आणि त्याला ते हसणं आवडलं. ते सुखी कुटुंबाचं हसणं होतं. त्यात त्याची काही गरज दिसत नव्हती.

मग धाकटीने विचारलं, "आई, बाबा घरी कधी येणार?"

"येतील हं," बायको सहज म्हणाली. बाहेर बघत. "येतील... झोप तू."

तो ओरडला. बायकोचं नाव घेऊन ओरडला, मुलींना हाका मारल्या, आईला हाक मारली. हॉर्न दाबला तेव्हा फक्त आजीने मान वर केली आणि म्हणाली, "कुणीतरी वाजवतंय मागे." त्याने गाडी कशीबशी आवारात आणली, इंजिन बंद केलं आणि दार ढकलून बाहेर पडला. रस्त्याचा आवाज परत कानात शिरला.

"झाली का चालवून?" व्यापाऱ्याने विचारलं. त्याला विचारलं. त्याच्याकडे बघून. चष्मेवाल्याला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली.

बायकोही उतरली. "छान आहे हो ही. पण तुम्ही का असे गप्प गप्प? सगळ्या रस्त्याने एक शब्द नाही."

"धाकटी काय म्हणाली ते ऐकलंस ना? मी कधी येणार म्हणून?"

"असं कुठे म्हणाली? झोपली होती ती." ती त्याच्याकडे निरखून बघत राहिली. "बरं वाटत नाहीये का? पांढरेफटक पडलाय तुम्ही."

त्याने व्यापाऱ्याला बाजूला घेतलं. लहान गाडी कुणाची होती, म्हणून विचारलं.

"एक बाई घेऊन आल्या होत्या. दोन मुलं बरोबर," व्यापारी म्हणाला. "मी म्हटलं, अहो ठेवा की, तुमच्यापुरती आहे. तर म्हणाल्या, फार मोठी होते आम्हाला." त्याने लहान गाडीच्या टपावर थाप मारली. "ही! मोठी! मिस्टर कुठे आहेत म्हटलं, तर माझ्याकडे बघत राहिल्या. विसरलेलं काहीतरी आठवायचं असावं तशा. मग मी नाही विचारलं पुढे."

ऊन कलायला लागलं होतं. पत्र्याची शेड तडतड वाजत थंड होत होती. धाकटी कंटाळून रडकुंडीला आली होती, आजीचे पाय दुखत होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बायकोला लग्नाचा केक पोचवायचा होता. चष्मेवाला म्हणाला, "आज नको. पुन्हा केव्हातरी बघू."

"अहो, पुन्हा म्हणजे केव्हा?" बायकोचा आवाज चढला. "केक काय मी पाठीवर बांधून नेऊ? दोन गाड्या बघितल्या, दोन्ही धड आहेत. तुमचं नेहमीचंच आहे हे."

"आणखी एखादी नाही का?" त्याने व्यापाऱ्याला विचारलं. "तिसरी?"

"तुमच्या बजेटात ह्या दोनच," व्यापारी म्हणाला. "पहिली सांगा, नाहीतर दुसरी."

बायकोला हसू फुटलं, रागातही. "बसा आता खुर्चीत. पहिलं बरं की दुसरं?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. आणि खरं सांगायचं तर, सगळे आपल्याकडे बघतायत ह्याचंच त्याला त्या क्षणी एवढं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. त्याने मनाशी हिशेब केला. एका गाडीत एक जण जास्त आहे. दुसऱ्या गाडीत मी नाही. जो जास्त आहे, त्याने काही केलं नाही. बसला होता, श्वास घेत होता. राहील मधल्या सीटवर, आपण थोडं सरकून बसू. पण मी नसलेली गाडी मी माझ्या हाताने घरी कशी नेऊ?

"पहिली," तो म्हणाला. "मोठी."

बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. मुली धावत जाऊन मागे चढल्या. आजी गुडघ्यावर हात ठेवून मधल्या रांगेत बसली, परत त्याच टोकाला, खिडकीला चिकटून. बायको तिच्या जागेवर बसली आणि आतून म्हणाली, "सह्या करून या पटकन."

ऑफिसात त्याने सह्या केल्या. व्यापाऱ्याने चावी त्याच्या हातावर ठेवली आणि त्याच्याबरोबर बाहेर आला. आवारात आता सावल्या लांब झाल्या होत्या. मोठी गाडी शेडच्या टोकाला, तोंड रस्त्याकडे करून उभी होती. काचांत संध्याकाळचं आभाळ दिसत होतं, त्यामुळे आतलं काही दिसत नव्हतं.

"चांगली गाडी आहे," व्यापारी म्हणाला. "माझ्या मित्राचीच. माझ्याचकडून घेतली होती त्याने. शाळेपासूनची दोस्ती आमची." तो जरा घुटमळला. "विकायला आला तर मला ओळखलंच नाही हो त्याने. नमस्कार केला, परक्याला करावा तसा. तोच चेहरा, तोच आवाज. मी मग त्याच्या बायकोला विचारलं एकदा, घरी सगळं ठीक ना? तर हसली. म्हणाली, अगदी छान. आताशा घरात लक्ष घालतात, मुलांशी बोलतात, जेवायला वेळेवर येतात. म्हणाली, पहिल्यापेक्षा बरे वागतात."

चष्मेवाला जागीच उभा राहिला.

"मग विकायची कशाला म्हटलं, तर म्हणे, त्यांनाच नको झाली. म्हणे, आता काय काम तिचं?" व्यापाऱ्याने खांदे उडवले. "चार माणसं होती घेतली तेव्हा. विकायला आली तेव्हाही चारच होती. मग पुरत नव्हती ती कुणाला, हे काही मला कळलं नाही. बरं, या आता. सावकाश जा."

व्यापारी ऑफिसकडे वळला. चष्मेवाला गाडीकडे चालू लागला. आधी सावकाश, मग भराभर. अर्ध्या वाटेवर त्याला एक वास आला. स्पिरिट आणि साबण मिसळलेला, थंड, ओळखीचा. त्याच्या दुकानातला, भिंगं पुसायच्या पाण्याचा. दिवसभर तोच वास त्याच्या बोटांना असायचा. आज सुट्टी होती. त्याने बोटं नाकाशी नेली. बोटांना काही वास नव्हता. वास गाडीच्या अर्ध्या उघड्या खिडकीतून येत होता.

आत मुली दंगा करत होत्या. मग आजीचा आवाज आला, "चला, दारं लागली सगळी. मोजा बघू."

"थांबा!" तो ओरडला. "मी बाहेर आहे! मी अजून..."

"एक," आतून आवाज आला.

स्पष्ट, खणखणीत, हसरा. त्याचाच आवाज. तो मुलींशी कधी ज्या सुरात बोलला नव्हता, पण रोज घरी येताना वाटेत ज्या सुरात बोलायचं ठरवायचा, त्या सुरातला.

"दोन," बायको म्हणाली.

"तीन."

"चार."

"पाच!" धाकटी ओरडली आणि तिने टाळ्या पिटल्या. दिवसभरात पहिल्यांदाच आकडा बरोबर आला होता.

तो गाडीपाशी पोचला होता. त्याने काचेवर हात आपटले. काचेत आभाळ होतं आणि त्याचा स्वतःचा चेहरा होता, आणि त्या चेहऱ्यामागे, आत, चालकाच्या सीटवर कुणीतरी आरसा नीट करत होतं. बायकोचं हसणं ऐकू आलं, फार दिवसांत आलं नव्हतं तसं, मोकळं.

"बघा," ती आत कुणालातरी म्हणत होती, "आता कसं स्पष्ट ऐकू आलं!"

खिडकीची काच सावकाश वर चढली. चावी चष्मेवाल्याच्या मुठीत होती, तिचे दात तळव्यात रुतत होते. त्याने दुसऱ्या हाताने दाराची कडी धरली आणि ओढणार, तेवढ्यात कडेचं ते जुनं बटण आतून कुणीतरी हलकेच खाली दाबलं.